सतरा कोरडे खांब

नोकरी संपून नऊ वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे मोजणीदारच म्हणत. जन्मभर लोकांच्या जमिनीच्या हद्दी आखून दिलेल्या या माणसाच्या स्वतःच्या मालकीचं म्हणावं असं काय, तर ठोंब्या. तपकिरी, जाडजूड, सात वर्षांचा कुत्रा. बायकोच्या मते ठोंब्याच मोजणीदारांचा मालक होता, पण त्याची फेरमोजणी कधी कुणी मागितली नाही.

शनिवारी सकाळी फिरायला गेल्यावर ठोंब्याने कोपऱ्यावरच्या खांबापाशी पाय वर केला. पुढच्या खांबापाशी पुन्हा. मग त्याच्या पुढच्या. एरवी चार-पाच ठिकाणी काम उरकणारा गडी, आज सतरा खांब झाले तरी थांबेना. मोजणीदारांची छाती फुगली. वाटेत शिंप्याला सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, घरी आल्यावर बायकोची पाळी आली.

"अगं, पठ्ठ्याने आज अख्खी गल्ली नावावर करून घेतली! सतरा खुणा!"

"ओल्या होत्या का?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं.

"खुणा म्हटल्यावर ओल्या असणारच."

"बघितलंत?"

मोजणीदारांनी बघितलं नव्हतं. जागेवर न जाता नकाशे रंगवणाऱ्या हाताखालच्या लोकांना त्यांनी नोकरीत सळो की पळो करून सोडलं होतं. पण घरातल्याने नाव काढलं की खात्री करत कोण बसतं?

दुपारी ठोंब्याने जेवण नुसतं हुंगून सोडलं. संध्याकाळी तो अंगणात पाय वर करून कितीतरी वेळ थरथरत उभा राहिला.

"अहो, कुंथतोय तो. डॉक्टरकडे नेऊ या."

"ऊन बाधलं असेल. पाणी पाज भरपूर. सोमवारी बघू."

'सोमवारी बघू' हे मोजणीदारांचं ठेवणीतलं औषध होतं. मागे त्यांनी ते स्वतःच्या दाढेवर वापरलं होतं आणि दाढ गेली होती. बायकोने जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर शोधून ठेवला.

रविवारी सकाळी ठोंब्याने पहिल्या खांबापाशी पाय वर केला, तेव्हा मोजणीदार वाकले आणि त्यांनी खांबाला बोट लावून पाहिलं. कोरडा. दुसराही कोरडा. तिसऱ्यावर एक थेंब, तोही लालसर.

"काय हरवलं का?" शिंप्याने दुकानातून विचारलं.

तेवढ्यात ठोंब्या ओकला आणि रस्त्यातच बसला. एवढं मोठं धूड उचलून ते घरापर्यंत कसे आले, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. बायको पर्स घेऊन दारातच उभी होती. डॉक्टरांना तिचा फोन झाला होता.

गाडीत मोजणीदारांनी उत्तर तयार केलं. कधीपासून असं विचारलं, की आज सकाळपासून म्हणायचं. कुणी नावं ठेवणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी ठोंब्याचं पोट चाचपलं. ते दगडासारखं टणक झालं होतं. "लघवी कधीपासून अडलीय?"

"आज सकाळ..." मोजणीदारांनी सुरुवात केली. बायको भिंतीकडे बघत राहिली.

"नीट आठवून सांगा. लघवीची पिशवी फुटायला आलीय. किडनीला किती मार बसलाय त्यावर भूल किती द्यायची ते ठरतं. जास्त झाली तर हा उठायचा नाही."

टेबलावरून ठोंब्याने मोजणीदारांकडे पाहिलं. नेहमीसारखंच, पूर्ण विश्वासाने. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"काल सकाळपासून," ते म्हणाले. "मी सोबत होतो. मला वाटलं, हद्द आखतोय. मी गल्लीभर सांगत फिरलो, डॉक्टर."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर लिहिलं, चोवीस तास. "सारखी सारखी थोडीशी होत असेल, रक्त दिसत असेल, तर त्याच दिवशी दाखवायचं. नर कुत्रा कुंथतोय आणि काहीच येत नाही, मग तर तडक निघायचं. ह्यात उद्या नसतो."

दोघं बाहेर बाकावर बसली. आत बराच वेळ नुसती भांडी वाजत होती. मग एकदम धार पडायचा आवाज आला. पत्र्याच्या भांड्यात, न थांबता. मोजणीदारांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. दोन जाणती माणसं हात जोडून कुत्र्याची लघवी ऐकत बसली होती.

बाई हात पुसत बाहेर आल्या. "खडा अडकला होता, तो मागे पिशवीत सरकवलाय. तीन-चार दिवस सलाईन लागेल, पण वाचेल. तुम्ही चोवीस तास म्हणालात, म्हणून आधी सलाईन लावलं आणि भूल निम्मीच दिली. आज सकाळपासून म्हणाला असतात, तर..." त्या सलाईन बघायला आत गेल्या.

"तुम्ही खरं सांगितलं नसतंत, तर मी सांगितलं असतं," बायको म्हणाली. "आणि मग ठोंब्याला घेऊन मी माहेरी निघून गेले असते."

माहेरी आता कुणीच राहत नव्हतं. मोजणीदारांनी मान खाली घालून "बरोबर आहे" म्हटलं.