लाल खिळा

बंद पडलेल्या खाणीच्या तोंडाशी माणसं सकाळपासून उभी होती. कडेवर पोरं, काखेत रिकाम्या बाटल्या आणि प्रत्येकाच्या मुठीत एक लोखंडी खिळा. ताम्रबाबानं एकेक खिळा घ्यावा, खाणीतून झिरपणाऱ्या निळ्या पाण्यात बुडवावा, डोळे मिटून पुटपुटावं आणि वर काढावा. काळा गेलेला खिळा तांबूस लाल होऊन यायचा. गर्दी हात जोडायची.

"लोखंडासारखं नशीब घेऊन या, तांब्यासारखं उजळून जा!" बाबा गर्जायचा. "रोज दोन चमचे, अनशापोटी. उलटी झाली तर घाबरायचं नाही. आतलं पाप निघतंय!"

सात वर्षांच्या पोरीच्या पोटात कसलं हो पाप?

ती पोर म्हणजे माझी भाची, चिमणी. भावाची एकुलती एक. तिला झटके यायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी वर्षभर एकही आला नव्हता. बाबाच्या सांगण्यावरून वहिनीनं गोळ्या बंद केल्या, लाल खिळा तिच्या उशीखाली ठेवला आणि निळं पाणी सुरू केलं. चौथ्या दिवशी चिमणी निळंहिरवं ओकली आणि उशीखालच्या लाल खिळ्यावर डोकं ठेवून ताठ झाली. पुन्हा झटका.

"निघतंय बघा, निघतंय!" वहिनी रडता रडता हसत होती.

"वहिनी, विष आहे ते!"

"तुमच्या प्रयोगशाळेत देव सापडतो का हो, वन्सं?"

मी या खाणीच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं दगड तपासले. उत्तर जिभेवर होतं, पण आधी पोरीला उचलून दवाखाना गाठला. भाऊ तिच्या उशाशी बसला. वहिनी मात्र नवी बाटली भरायला खाणीकडे धावली. मी तिच्या मागे, माझ्या मागे आई. वाटेत पिकांवरच्या फवारणीच्या औषधांच्या दुकानातून मी मोरचुदाची पुडी घेतली.

आई या खाणीवर दगड निवडायची. निवडणाऱ्या बायकांचं एक गाणं होतं, हात चुकू नये म्हणून. निळं पाणी दिसताच ते तिच्या ओठांवर आलं:

"हिरवा टाका डावीकडं, निळा टाका उजवीकडं,
पांढरा जड, पोटात शिसं, बोट नको तोंडाकडं.
निळं पाणी लोखंड खातं, तांबं मागं ठेवतं,
तहान लागली मरणाची, तरी कोण गं पितं?"

गर्दीतल्या दोनचार म्हाताऱ्यांचे ओठही हलू लागले. त्यांनाही ते पाठ होतं! पाठ असून त्या रांगेत उभ्या होत्या. माझ्या मस्तकाची शीर तडतडली.

मी पेल्यात साधं पाणी घेतलं, मोरचूद विरघळवलं, लोखंडी सुरी बुडवली. वर काढली ती लाल.

"मंत्र म्हटला का मी?"

"तुझं ते विष आहे!" बाबा ओरडला. "माझं तीर्थ आहे!"

"बरं." तसाच दुसरा पेला मी त्याच्या पाण्यानं भरला, पाठ फिरवून दोन्हींची जागा बदलली आणि समोर धरले. "तुमचं तीर्थ ओळखा आणि प्या."

बाबानं दोन्ही पेल्यांकडे पाहिलं. हात काही पुढे येईना.

"आज उपास असेल महाराजांचा!" खाणीत माणसं खालीवर नेणारा जुना पाळणेवाला मागून म्हणाला. लोक हसले. मला हसू आलं नाही.

"ऐका," मी म्हटलं. "आत तांबं आणि गंधक असलेला दगड आहे. हवापाण्यानं तो गंजतो, त्याचं मोरचूद होतं, पाण्यात उतरतं. खडकातल्या चुन्याशी गाठ पडली की त्याचेच ते हिरवेनिळे दगड होतात, मॅलाकाइट आणि अ‍ॅझुराइट. दोन्हींत तांबं, कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन. फक्त प्रमाण वेगळं. या पाण्यात खिळा बुडवला की लोखंड पाण्यात जातं आणि पाण्यातलं तांबं खिळ्यावर बसतं. नुसती अदलाबदल. खाण चालू होती तेव्हा इथंच भंगार पत्रे टाकून आपण तांबं खरवडून काढायचो. तुमच्या बापानं पगारावर केलेल्या कामाला तुम्ही आज हात जोडताय, आणि तेच पाणी लेकरांना पाजताय!"

एकानं बाटली उपडी केली. मग दुसऱ्यानं. बाबा घाईघाईनं झोळी आवरू लागला, तेव्हा पाळणेवाल्यानं त्याचा हात धरला. "थांबा की. पोलिसांनाही दाखवा चमत्कार."

वहिनी खाली बसली होती. चिमणीच्या उशीखालचा खिळा तिनं कनवटीतून काढला आणि दगडी पायरीवर घासला. जोरानं घासला, बोटं सोलेपर्यंत. लाल साल निघाली. खाली लोखंड, होतं तसंच.

कुणी असा लाल खिळा हातात दिला, तर कपाळाला लावण्याआधी एकदा खरवडून बघा. त्याला शाळा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. एक दगड पुरतो.

वहिनीनं खिळा फेकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वन्सं, दवाखान्यात गोळ्या परत सुरू केल्या असतील का हो?"