अलीकडचा कान

केझियाला शब्द चोख पाठ होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी कोंडवाड्यावर जो तो मलाच विचारत होता की मास्तर, पोरीला शिकवलंत तरी काय.

आमच्या डोंगरावर कुंपणं नाहीत. वर्षभर कळप एकमेकांत मिसळतात आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी चुकार मेंढ्या स्केलगार्थच्या दगडी कोंडवाड्यात आणून ज्याच्या त्याला परत करतात. कोणाची कोणती, ते खुणांच्या पुस्तकात असतं: कुठला कान कापलाय, रंगाचा ठिपका कुठे दिलाय. अवयवांची नावं मात्र आमच्या पणजोबांच्या तोंडची. कान म्हणजे लग, नाक म्हणजे नेब, काख म्हणजे ऑक्स्टर, जांघ म्हणजे लिस्क, कमरेचं हाड म्हणजे हकल. इंग्रजीच, पण आता शहरातल्या डॉक्टरला ऑक्स्टर दुखतंय म्हणून सांगावं तर तो नर्सच्या तोंडाकडे बघतो. म्हणून मी शाळेत चाळीस वर्षं हे शब्द शिकवले, आणि निवृत्त झाल्यावरही दर मंगळवारी शिकवतो. करंगळीशेजारच्या बोटाला पूर्वी वैद्याचं बोट म्हणत, कारण वैद्य औषध त्या बोटाने ढवळायचा, हे सांगितलं की मुलं आठवडाभर त्याच बोटाने कोको ढवळतात आणि त्यांच्या आया मला फोन करतात.

तर केझिया फिअरन. वय अकरा. तिच्या आजोबांनी तिला एक पोरकी कोकरी दिली होती. स्वयंपाकघरात बाटलीने दूध पाजून तिने ती वाढवली. पुढे आजोबांनी खुणा करून त्या कोकरीला डोंगरावर सोडलं आणि ती पलीकडच्या खोऱ्यात निघून गेली. आता आजोबा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले, म्हणून पोर एकटीच आली होती.

कोंडवाड्याचा मुखत्यार जॉस एअरी. हा माझाच जुना विद्यार्थी, पन्नाशी उलटलेला, हट्टाला पक्का. आमच्याकडची रीत अशी की दावा करणाऱ्याने मेंढीजवळ उभं राहायचं, मेंढीवर गोणपाट टाकायचं, खूण तोंडाने सांगायची आणि गोणपाटावरून जागेवर बोट ठेवायचं. मग गोणपाट उचलायचं. बोट चुकलं तर मेंढी दुपारच्या लिलावात जाते.

"बोल," जॉस म्हणाला.

"अलीकडचा लग टोकाला कापलेला. पलीकडच्या हकलवर लाल ठिपका."

"छान. दाखव."

मेंढीची डावी बाजू ती अलीकडची, उजवी ती पलीकडची, हे इथे रांगतं मूलही जाणतं. केझियाने बोट ठेवलं ते उजव्या कानावर. मग डाव्या हकलवर.

जॉसने गोणपाट उचललं. कापलेला होता डावा कान. ठिपका उजवीकडे.

"चुकलं," जॉस म्हणाला. "लिलावात घ्या हिला."

तोवर त्या मेंढीने केझियाच्या खिशात नेब खुपसून अख्खं बिस्कीट कागदासकट खाल्लं होतं.

"जॉस," मी म्हणालो, "ही मेंढी कोणाची ते तुला ठाऊक आहे."

"आहे."

"मला ठाऊक आहे. मेंढीलाही ठाऊक आहे."

"मेंढीला विचारायची रीत नाही, मास्तर."

माझं डोकं तापलं. शाळेतही हा असाच होता. आधी वाद घालायचा आणि मग गप्प बसून आणखी वाद घालायचा. मी केझियाकडे वळलो. "अगं, शब्द बरोबर म्हणालीस आणि बोट उलटं ठेवलंस? किती मंगळवार घालवलेत मी?"

तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "तुम्ही दाखवता तिथेच ठेवलं, मास्तर."

"मी कुठे दाखवतो?"

"तुमच्या अंगावर. समोर उभे राहून अलीकडचा लग म्हणता आणि या कानाला हात लावता." तिने माझ्या उजव्या कानाला बोट लावलं.

लावतो खरा. समोरच्या मुलांना आरशात बघितल्यासारखं सोपं जावं म्हणून मी चाळीस वर्षं मुद्दाम उलटा हात लावत आलो. ज्यांच्या घरी गोठा असतो ती पोरं घरी जाऊन सुधारतात. केझियाला सुधारणारा अंथरुणावर होता.

"ऐकलंस?" मी जॉसला म्हणालो. "चूक माझी आहे. तिला पुन्हा बोट ठेवू दे."

"एका दाव्याला एक बोट."

"तू माणूस आहेस की फाटक?"

त्याने दाढी खाजवली. "शिकवणाऱ्याने चूक कबूल केली, तर त्याने आधी स्वतःच्या अंगावर नीट शिकवावं. मग तो नवा दावा. माझे आजोबा तसं करायचे."

त्याचे आजोबा तसं करायचे की नाही, देव जाणे. मी टोपी काढली आणि चिखलात ओणवा झालो, हाताचे तळवे लेंड्यांत. भिंतीवर बसलेली मंडळी हसता हसता घसरायच्या बेतात. मेंढीवर पुन्हा गोणपाट पडलं.

"तोंड माझ्याकडे नको," मी म्हणालो. "मागे ये. मी ज्या दिशेला बघतोय त्याच दिशेला बघ. आता तुझा डावा हात तोच माझा डावा. अलीकडचा लग?"

तिने माझा डावा कान धरला, चांगलाच ओढून.

"पलीकडचं हकल?"

माझ्या उजव्या कमरेवर थाप बसली.

"आता तिच्यावर."

ती मेंढीच्या मागे जाऊन उभी राहिली. डावा कान. उजवी कमर.

"बरोबर," जॉस म्हणाला आणि गोणपाट काढून तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. आजोबांना सांग, कान सुबक कापलाय."

केझिया निघाली. मेंढी तिच्या खिशाला चिकटून.

मी अजून ओणवाच होतो, गुडघे सरळ होत नव्हते. जॉसने माझ्या ऑक्स्टरखाली हात घालून उचललं.

"तुम्ही मला एकदा शाळा सुटल्यावर थांबवलं होतं," तो म्हणाला. "फळ्यापाशी बोलावून अलीकडचा लग दाखव म्हणालात. मी तुमच्या डाव्या कानाला बोट लावलं."

मला आठवलं. उद्धटपणा म्हणून पन्नास ओळी लिहायला लावल्या होत्या.

"मग तेव्हाच नीट सांगायचं होतंस," मी चिडून म्हणालो.

"सांगितलं होतं. त्याच्या आणखी पन्नास झाल्या."

मी टोपी झटकली. "मंगळवारी चार वाजता ये. मेंढी घेऊन ये."