चारशे पंचवीसचा उंचवटा

गुरुवारी सकाळी माझं डोकं फिरलेलंच होतं. पेणहून रोह्याला पोचेपर्यंत साहेबांचे तीन फोन येऊन गेले. नवी बॅचही नापास झाली, आता काय? मला काय विचारता? मी लेप शिजवत नाही, मोजते.

आमच्या कंपनीत दिव्यांच्या काचांवर चढवायचा पारदर्शक लेप तयार होतो. काचेच्या पट्टीवर त्याचा पातळ थर द्यायचा, पट्टी स्पेक्ट्रोमीटरमध्ये ठेवायची आणि कुठल्या रंगाचा प्रकाश किती पार जातो ते बघायचं, हे माझं काम. शिजवताना लेप जास्त तापला की तो जांभळा प्रकाश अडवतो. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच बॅचला आलेखात चारशे पंचवीस नॅनोमीटरपाशी, म्हणजे नेमका जांभळ्याच्या जागी, उंचवटा आला. मी नापास लिहून मोकळी झाले. ऑपरेटर सुशीलने पट्टी उजेडात धरली. "मॅडम, पाण्यासारखा स्वच्छ हाय."

"तुमचा डोळा काय मशीन आहे?" मी फाडकन म्हटलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला घरी बसवलं.

आता ही बॅच दुसऱ्याने शिजवलेली, आणि उंचवटा जिथल्या तिथे. सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, बंद करून चालू करा. एवढं शिकून हाच मंत्र! केलं. उंचवटा ढिम्म हलला नाही. शेवटी चिडून कोरी पट्टी आत ठेवली, लेपाचा थेंबही नसलेली. तरी उंचवटा! खरं तर रोज सकाळी आधी कोरी पट्टी मोजायची असते. मी घाईघाईत दसऱ्याआधीचंच रीडिंग वापरत होते.

झाकण उघडून बॅटरी मारली. ज्या छोट्या काचेतून प्रकाश येतो, नेमकं तिच्यावर हळदीचं बोट. पिवळी हळदही जांभळा प्रकाशच अडवते.

"मावशी! हे कुणी केलं?"

सफाईवाल्या पुतळीमावशी खंडेनवमीच्या पूजेला माझ्या शेजारीच होत्या. पोछा न थांबवता त्या म्हणाल्या, "तूच गो बाय. मी वरून लावत व्हते, तर तू बोललीस, वरून काय लावता, याचा जीव आत हाय. नि घातलंस बोट."

खरंच होतं. लोकांची अक्कल काढायला मात्र मी सगळ्यांत पुढे. मला माझीच एवढी चीड कधी आली नव्हती.

साहेब म्हणाले, "यंत्रात बिघाड लिहा, विषय संपवा."

"यंत्राला कशाला बदनाम करायचं? चूक माझी आहे." तसंच लिहिलं, सही केली आणि दुपारी निडीला सुशीलच्या घरी गेले.

तो ओटीवर बसला होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बॅच चांगली होती, उद्यापासून कामावर या, मला माफ करा. वाटलं, चार शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

"पण मॅडम, मी लिहून दिलाय," तो म्हणाला.

"काय लिहून दिलंत?"

"माझा डोळा लागला नि लेप तापला. साहेब बोलले, कबूल केलंस तर परत घेऊ."

"अहो, पण लेप तापलाच नव्हता! डोळा लागलाच नव्हता तुमचा!"

"पयले मी पण तेच सांगत होतो. पण मशीन बोललं ना." त्याने खाली बघितलं. "आता तर मला आठवतंय पण, मॅडम. लागला होता डोळा."