घासून टाकलेला नंबर

शंभू परब चार महिने कुडाळच्या पोस्टमास्तरला शिव्या घालत होता. बहारीनमधल्या सनाबिसच्या गॅरेजात सकाळी डांगरी चढवताना घालायचा, दुपारी डबा उघडताना घालायचा. तार मंगळवारी केलेली, त्याच्या हातात पडली गुरुवारी. ‘शेवंती सीरियस, ताबडतोब ये.’ तो शनिवारी घरी पोचला, तेव्हा बायकोला नेऊन एक दिवस झाला होता. सासू गोदाबाई म्हणाली, “रस्त्यार गाडी वाजली की इचारी होती, इले काय ते?” शेवंती शुक्रवारी पहाटेपर्यंत विचारत होती. तार वेळेवर मिळाली असती, तर गुरुवारी तो दारात उभा असता.

परत आल्यावर त्याने पोस्टाविरुद्ध तक्रार करायची ठरवली. इंग्रजी येत नव्हतं. गॅरेजचे इंजिनिअर विलास गुप्ते यांनी ती स्वतः टाइप करून दिली, वर म्हणाले, “सोडू नकोस त्यांना.” पाकीट टपालात टाकायलाही त्यांनीच आपल्या ड्रॉवरात ठेवून घेतलं. उत्तर अजून आलं नव्हतं.

त्या दिवशी जेवण आटोपून तो हात धूत होता, तेवढ्यात पेंटर सदानंद आला.

“शंभूदा, सायब तुका बोलयतत. तोंड बघशीत तर मिरची खाल्ल्यासारख्या झाला हा.”

“कित्याक?”

“त्या पाँटिॲकच्या नंबराचा कायतरी लफडा आसा. आता तुझी आरती होतली.”

ती पाँटिॲक म्हणजे अडुसष्ट सालची अमेरिकन गाडी, उघड्या टपाची. मआमीरच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे गॅरेजच्या मालकाला सापडली. बहारीनच्या उन्हात उघड्या टपाची गाडी कोण घेणार? ज्यांनी घेतल्या, त्यांच्या गाड्या खाऱ्या हवेने पत्र्यासकट खाल्ल्या. त्यातही ते दांडगं इंजिन, हाताने टाकायचे चार गिअर आणि उघडं टप, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असलेल्या गाड्या कंपनीने मुळातच थोड्या काढल्या होत्या. ही त्यांतली एक. शंभूने तिचं इंजिन खिळा न् खिळा सोडवून पुन्हा बांधलं होतं. आज चार वाजता एक गोरा ती विकत घ्यायच्या आधी बघायला येणार होता.

विलासराव बॉनेट उघडून टॉर्च धरून उभे होते.

“इथला नंबर कुठे गेला?”

इंजिनाच्या समोरच्या अंगाला बोटभर सपाट जागा होती. ती आरशासारखी लखलखत होती.

“घासला साहेब. गंज होता त्याच्यावर. आमच्या एसटीच्या वर्कशॉपात इंजिन बांधलं की जुन्या खुणा काढूनच टाकायच्या आणि वर डेपोचा नंबर रंगाने घालायचा. मिस्त्रीने हात धरून शिकवलंय.”

“अरे, ही एसटी आहे का? इंजिनावरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळला, म्हणजे हे इंजिन याच गाडीचं. त्यालाच तर किंमत आहे. तो गेला की ही नुसती जुनी गाडी, हिच्यासारख्या शंभर मिळतील.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुला काय काय सांगायचं?” विलासरावांचा आवाज चढला. “या इंजिनासाठी मी कुणाकुणाला तोंड दिलं! मंगळवारी तुझी तार आली, तरी म्हटलं दोन दिवस थांबू, इंजिन बसू दे, मग देऊ. आणि तू त्या दोन दिवसांत हे दिवे लावलेस?”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. टॉर्च विझवून ते उगाच बॉनेटची दांडी चाचपायला लागले.

सदानंद दोन गाड्यांपलीकडे ब्रश धूत होता. त्याचा हात थांबला.

“मंगळवारी आली?” शंभूने विचारलं.

“सीरियस लिहिलं होतं, गेली असं नव्हतं. मला वाटलं...”

“आणि माझी तक्रार? टाकलीत टपालात?”

विलासराव वळून कपाटाकडे गेले. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी आणि कपाटातून लोखंडावर आकडे ठोकायच्या पंचांची पेटी काढली.

“हे बघ, झालं ते झालं. बॉडीवरचा नंबर यावर लिहिलाय. तेवढा ठोकून दे. तुझा हात चांगला आहे, कुणाला कळणार नाही. पुढच्या महिन्यात तुझा व्हिसा रिन्यू व्हायचाय, सही माझीच लागते. मथुराचा विचार कर.”

मथुरा त्याची मुलगी. नववीत होती, आजीजवळ राहत होती. शंभूने पंच हातात घेतला. चार महिने तो त्या पोस्टमास्तराच्या सात पिढ्या उद्धरत होता. बिचाऱ्याने तर तार त्याच दिवशी पाठवली होती.

त्याने पंच पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि गाडीच्या मडगार्डला टेकून बसून राहिला. विलासराव दोनदा येऊन बघून गेले. तो हलला नाही.

चार वाजता गोरा आला. गाडीभोवती फिरला, गुडघ्यावर बसून पाट्या वाचल्या, मग बॉनेटमध्ये वाकला आणि त्या चकचकीत जागेवर बोट ठेवून विलासरावांकडे बघायला लागला. विलासराव इंग्रजीत काहीतरी सांगू लागले.

“मी घासला,” शंभू मध्येच म्हणाला. “इंजिन याच गाडीचं आहे, पण नंबर मी घासला. त्याच बुधवारी. माझी बायको मरायला टेकली होती आणि तार साहेबांच्या ड्रॉवरात होती. आता म्हणतात खोटा नंबर ठोक. हे सगळं त्याला सांगा, साहेब.”

विलासरावांनी सांगितलं नाही. पण गोऱ्याने शंभूजवळची पंचांची पेटी आणि तिच्यावरची नंबराची चिठ्ठी बघितली होती. त्याने रुमालाने बोट पुसलं आणि तो आपल्या टॅक्सीकडे चालू लागला.

“खलास,” विलासराव म्हणाले. “संपलास तू इथून.”

“माझा पासपोर्ट काढा,” शंभू म्हणाला. “त्याच ड्रॉवरात असेल. आणि तिकीट आजच्या आज द्या. या वेळी दोन दिवस ठेवून घेऊ नका.”