दादूच्या घरून आलेलं यंत्र

दादूची आई येणार नाही, हे ठमीच्या आईनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. कोण येईल? जिचं पोर जाऊन धड महिनाही उलटला नाही, तिनं त्याचं यंत्र उचलून दुसरीच्या दारात यायचं आणि दुसरीच्या लेकरावर ते चालवून दाखवायचं, हे तिला सांगायला तरी कुणाची जीभ कशी रेटली असेल?

पण न्यासाची रीतच तशी होती. गावातल्या लोकांनी यथाशक्ती पैसे घालून तो उभा केला होता. त्यातून अंगातलं बळ खात जाणाऱ्या या आजाराच्या मुलांना कफ काढायची यंत्रं मिळत आणि उरलेला पैसा औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेला जाई. यंत्रं मोजकीच, एका घरातलं मोकळं झालं की पुढच्या घरी जायचं. ‘मोकळं झालं’ असंच सगळे म्हणत, दुसरा शब्द कुणी काढत नसे. आणि ज्या घरातून ते यायचं, तिथल्या माणसानंच शिकवायचं. डॉक्टर दाखवत ते घाईघाईत, एकदाच. हाताची खुबी आयांनाच ठाऊक.

ठमीचे बाबा गॅरेजात कामाला. जाताजाता त्यांनी तोंडसुख घेतलंच होतं, की तिकडे प्रयोगशाळेत उंदरांना पिंजरे नि दाणापाणी, आणि इकडे माणसांची एका यंत्रामागे रांग. औषध निघालं तर, असं ठमीच्या आईनं विचारलं. ‘‘निघेल की. आपल्या पोरीच्या...’’ एवढं बोलून त्यांनी पुढचं गिळलं आणि चपला शोधायला लागले. चपला पायातच होत्या.

ठमी सहा वर्षांची. पाय केव्हाच गेले होते, आता खोकण्यापुरतंही बळ उरलं नव्हतं. कफ छातीत दाटे आणि तिथंच बसून राही. सकाळपासून घरघर लागली होती. जीभ मात्र शाबूत. ‘‘आई, माझ्या आत कुणीतरी नळीनं सरबत पितंय,’’ असं ती मघाशी म्हणाली होती. आता तेही बोलत नव्हती, आणि ओठांचा रंग तिच्या आईला बघवत नव्हता.

तेवढ्यात दार वाजलं. दादूची आई यंत्र कडेवर घेऊन उभी होती. धुलाईच्या दुकानात काम करणारी उंच, हाडापेरानं दणकट बाई. पाणी नको म्हणाली, बसायलाही नको म्हणाली, सरळ पलंगाशी गेली.

‘‘तू ठमी होय? एवढं नाव ऐकलं, मला वाटलं चांगली ऐसपैस बाई असेल.’’

ठमीनं हसायचा प्रयत्न केला.

मग तिनं ठमीच्या आईला कामाला लावलं. उशी काढ, मान सरळ कर, बघत काय राहिलीस. यंत्र आधी वारा आत ढकलतं, मग एकदम ओढून घेतं. तोच त्या पोरांचा खोकला. मुखवटा नाकातोंडावर, अंगठा नाकाच्या कडेला, बाकीची बोटं हनुवटीखाली. फट राहिली की नुसता आवाज, काम शून्य. बोलता बोलता तिनं बटण दाबलं, मुखवटा उचलला.

आणि ठमीच्या आईची नजर यंत्रावरच्या दाबाच्या आकड्यावर गेली.

न्यासाच्या व्यायामाच्या बाईंनी फोनवर दोघांचेही आकडे देऊन निक्षून सांगितलं होतं. दादू चौदा वर्षांचा, अंगानं थोराड. त्याचा दाब या छातीला सोसायचा नाही, आत इजा होईल. तो कमी करूनच लावा, दादूच्या आईला सगळं ठाऊक आहे. आकडा तर दादूचाच होता.

बोलावं तर ही बाई निघून जाईल. गेली तर शिकवणारं दुसरं कोण? पण मुखवटा खाली यायला लागला तेव्हा तिनं दादूच्या आईचं मनगट धरलं.

‘‘ताई, हा दादूचा आकडा आहे. माझी पोर लहान आहे.’’

‘‘माहीत आहे मला.’’

हात मात्र मागे गेला नाही, पुढेही आला नाही. यंत्र आपलं फुसफुसत राहिलं.

‘‘हा आकडा शेवटचा मीच लावला होता,’’ दादूची आई म्हणाली. ‘‘मग कुणाला हात लावू दिला नाही. पुसलंसुद्धा नाही गं. वाटेत ठरवलं होतं, दारातच फिरवीन. तू फिरव.’’

‘‘मला येत नाही.’’

खरंच येत नव्हतं. तीन खुंट्या होत्या, त्यातली कुठली ते तिला कळत नव्हतं. ठमीचा श्वास अडकला, डोळे वर गेले. दादूच्या आईनं ठमीकडे एकवार पाहिलं आणि मधली खुंटी फिरवायला घेतली. एकदम नाही, टिक, टिक, एकेक घर खाली. एकीकडे ओठ हलत होते. देवाचं नाव असेल किंवा मुलाचं.

मुखवटा बसला. पहिल्या खेपेला ठमी धडपडली. दुसऱ्या खेपेला काहीच नाही. तिसऱ्या खेपेला घशाशी दाट काहीतरी आलं, आणि दादूच्या आईनं ते बोटानं ओढून काढलं, आपल्याच पदराला पुसलं. ठमी रडायला लागली. रडण्याइतका वारा आत गेला होता.

हात धुताना दादूच्या आईनं एक गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेवाल्यांनी दादूच्या दंडाचं चिमूटभर कातडं नेलं होतं, ते तिथं अजून वाढतंय म्हणे. ती एकदा बाहेरच्या बाकावर जाऊन बसून आली. आत कुणाला सोडत नाहीत.

‘‘हिचंही मागतील.’’

‘‘दुखतं का?’’

‘‘त्याला दुखलं होतं. तरी दे.’’

मग पलंगाकडे पाठ करून, ठमीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, ‘‘आता तू लाव माझ्यासमोर. नीट शीक. तुलाही कुणाला तरी दाखवावं लागेल.’’

ठमीच्या आईचे हात थांबले. तिला वाटलं, या बाईला आत्ताच्या आत्ता दाराबाहेर काढावं. ठमीच्या छातीत पुन्हा बारीक घरघर सुरू झाली होती.

‘‘अंगठा कुठं म्हणालात?’’ तिनं विचारलं आणि मुखवटा हातात घेतला.