गोधडीच्या पोटातलं लुगडं

"आज्ये, आटप ना गो! गाडी चालू ठेवलीय," संदेश अंगणातून ओरडला.

"मंग बंद कर. पेट्रोल काय ओढ्याला वाहतंय?" धोंडीबाईने आतूनच सुनावलं आणि पेटीतली आणखी एक साडी उचलून जमिनीवर टाकली.

संदेशच्या बायकोला, शीतलला, पहाटे शहापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली होती. घरची रीत अशी, की पाचवीपर्यंत बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या, नेसून नेसून मऊ झालेल्या लुगड्यात त्याला गुंडाळायचं, म्हणजे तिचं आयुष्य त्याला लागतं. पणतवंड माझ्याच लुगड्यात येणार, हे धोंडीबाईने डोळखांबच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

आणि आता पेटीचा तळ दिसला तरी लुगडं सापडेना. साड्या होत्या, ढिगाने होत्या. फुलांच्या, चमचमत्या, निसरड्या. एकेक गालाला लावून बघावी तर टोचत तरी होती, नाहीतर सुळकन सटकत होती.

"ही घ्या की आई, जत्रेतली," सून जया म्हणाली. "किती वर्सं नेसताय, अजून नवीच दिसते."

"तेच तर मेलं! मी झिजले, ही झिजंना."

"पन तुमची सुती लुगडी होती ना?"

धोंडीबाईने वर बघितलं. फळीवर स्टीलचं मोठं पातेलं झळकत होतं. भांडीवाली दारात आली तेव्हा सगळी सुती लुगडी हिनेच हौसेने तिच्या गाठोड्यात घातली होती आणि हे पातेलं घेतलं होतं. वर म्हणाली होती, सुती आता नेसतंय कोन, भिकारी? आणि तेव्हा तिचं काय चुकलं होतं? भाताच्या लावणीत सुती लुगडं भिजलं की ओझं व्हायचं, मांड्या सोलून निघायच्या. ही नायलॉनची साडी बांधावरून घरी येईतो वाळायची. सुख ते सुखच होतं ना? मग आज तिला चोरी केल्यासारखं का वाटत होतं?

"शहापुरात कॉटनचं नवं घेऊ," दारातून संदेश म्हणाला.

"खळीचं कापड? ते मऊ व्हईतो पोरगी शालंत जाईल!"

तिला शीतलचंही काही कळत नव्हतं. पोरगी सातव्या महिन्यापर्यंत हायवेच्या गोडाऊनमध्ये कपडे उचलत होती. धोंडीबाईच तिला म्हणाली होती, "थितनं सस्तातली फ्राकं आन गो बाळाला." तर शीतल हसली होती. "आजी, लोक ऑनलाइन मागवतात, एकदा घालतात नि परत पाठवतात. ढीग लागतो, हात खाजतात माझे. बाळाला तुमचं जुनंच द्या." पँट घालून कामाला जाणाऱ्या पोरीला जुनं हवं, आणि म्हातारीच्या पेटीत सगळं नवं. उलटं नक्की कोण चाललं होतं?

तिची नजर खाटेवरच्या गोधडीवर गेली. वरची साडी हिनेच चढवलेली, झुळझुळीत, गुलाबी. आत काय होतं ते मात्र आठवेना.

"कातर आन गो."

"आई, गोधडी फाडताय?"

"फाडत नाय. इचारते तिला."

धावदोरा एकेक करून तुटला. गुलाबीखाली धोतराचा तुकडा निघाला आणि त्याखाली लाल चौकडीचं लुगडं, सायीसारखं. धोंडीबाईचा हात तिथेच थांबला. हे तिचं नव्हतं. हे गोजरबाईचं, तिच्या सासूचं. चिंधी म्हणून टाकायची नाही ती बाई. पाणी तापवण्यावरून, सरपणावरून, कशावरूनही जन्मभर दोघींची जुंपलेली. धोंडीबाई तिला साऱ्या पाड्यासमोर चिंध्यांची राणी म्हणायची.

"घावलं? तुमचंच ना?" जयाने विचारलं.

"पानी ठेव तापायला. त्या पातेल्यात ठेव."

लुगड्याचा मोठा तुकडा त्या झळकत्या पातेल्यात उकळला आणि उन्हात बघता बघता वाळला. संदेशने केव्हाच गाडी बंद केली होती.

दवाखान्यात शीतलने बाळाला त्यात गुंडाळलं. शेजारच्या खाटेवरची बाई वाकून बघू लागली.

"किती मऊ हो आजी! तुमचं?"

सगळ्या ऐकत होत्या. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? आणि आयुष्य लागायचं ते कुणाचं लागलं असतं, नेसणारीचं की सांगणारीचं?

"माझ्या सासूचं," धोंडीबाई म्हणाली. "लय जगली. लय भांडली पन. पोरगी तशी निघाली तर मला बोलू नको."

शीतल हसली. तेवढ्यात बाळाने गुळणी काढली. धोंडीबाईने लगबगीने पदर पुढे केला. दूध त्या फुलांवरून घसरलं आणि बाळाच्या मानेकडे ओघळलं. तिने पदर उलटा करून पुन्हा टिपलं. पुन्हा तेच.

शीतलने लुगड्याचं टोक वर घेतलं आणि मानेला लावलं. लाल चौकडीने दूध लगेच पिऊन टाकलं.

धोंडीबाईने तो कोरडाच राहिलेला पदर झटकला आणि कमरेला खोचला.