तोंडात काय आहे

थोरलीच्या सुनेला पहिल्यांदा दिवस गेले, त्या सालची ही गोष्ट. सासू-सुना एकाच धुलाईखान्यात कामाला होत्या; सासूला तिथं सगळे थोरलीच म्हणत. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं धुतल्या जायच्या आणि वाफेच्या मोठ्या इस्त्रीखालून काढून त्यांच्या घड्या व्हायच्या.

तिथला एक नियम मोठा मजेशीर होता. पांढऱ्या चादरीवर डाग नको म्हणून तंबाखू आत खायची नाही. खायची तर मागच्या अंगणात जायचं आणि चूळ भरून परत यायचं. म्हणजे खाणाऱ्याला घटकाभर सावली, आणि न खाणारा वाफेत उभा. नवी बाई कामाला लागली की चार दिवसांत तिच्या कमरेला डबी दिसायची. थोरलीलाही अशीच सवय लागली होती. पुढं ती डबी घरी गेली, आधी नवऱ्याच्या हाती आणि मग पोराच्या.

वरच्या मजल्यावर शिकलेले कारकून बसत. त्यांना खुर्ची, पंखा, वेळेवर चहा. त्यांच्यातलं कुणी तंबाखूला शिवत नसे. खाली बघून म्हणत, "अडाणी लोक. सांगून कळत नाही यांना."

थोरलीच्या जिभेच्या कडेला तेव्हाच एक फोड होता. बरा होत नव्हता, आणि ती कुणाला सांगत नव्हती.

सून दहावी झालेली. डबीकडे ढुंकूनही बघायची नाही. पण पोट दिसू लागलं, पाय सुजले, आणि एका दुपारी ती सासूच्या कानाशी आली. "आई, चिमूटभर द्या."

"का गं? तुझं पुस्तक काय म्हणतं?"

"खाऊ नका म्हणतं. बसायचं कुठं, ते नाही सांगत."

थोरलीनं कमरेची डबी काढली. सुनेनं हात पुढं केला. थोरलीनं डबी कचऱ्याच्या पिंपात टाकली, सुनेचं मनगट धरलं आणि मागच्या दाराकडं निघाली.

मुकादम आडवा आला. "कुठं?"

"बसायला."

"डबी दाखव."

"टाकली."

"मग तोंडात काय आहे?"

"जीभ. बघायची?"

बायका फिदीफिदी हसल्या. मुकादमाचा चेहरा उतरला. "थोरले, शहाणपणा नको. तंबाखू नाही तर सुट्टी नाही."

"वर जाऊन विचारून या," थोरली म्हणाली. "खुर्चीवर बसायला त्यांना काय खावं लागतं?"

तिच्या मागं एकीनं हातातली चादर सोडली. ती कधीच न खाणारी. मग दुसरीनं सोडली, मग खाणाऱ्याही निघाल्या. इस्त्री रिकामीच फुसफुसत राहिली. अंगणात सगळ्या भिंतीला टेकून बसल्या. त्या दुपारी एकीनंही डबी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं थोरलीला मुद्दाम इस्त्रीच्या तोंडाशी उभं केलं. दुपार झाली तशी ती अंगणात जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही बसली, आणि बाकीच्याही तिच्या मागोमाग येत राहिल्या. तलफ आली की थोरली रुमालाचं टोक चावायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण उठायची नाही. सगळ्यांना हाकलून धुलाईखाना कसा चालणार? शेवटी मुकादमानं दाराकडं बघणंच सोडलं.

सुनेनं डबी कधीच घेतली नाही. तिच्या नवऱ्याची मात्र सुटली नाही.

नात बोबडं बोलू लागली त्या वर्षी, थंडी सरता सरता, एका सकाळी थोरली वारली. जिभेचा कर्करोग होता.